पोंग्यात शिरण्याआधी



सरांच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा, रानात गेल्यावर आधी मोजायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची शिस्त तो सांगेल. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायला मिळतंय, म्हणून विषयही मी मोजण्याचाच घेतला आहे. स्वीट कॉर्नवरची अळी कधी आणि कुठे पाहायची, आणि औषध मारायचंच झालं तर नेमकं केव्हा मारायचं, एवढंच आज बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण या पिकावर होणाऱ्या कितीतरी फवारण्या अळीपर्यंत पोचतच नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. औषध खरं असतं, प्रमाण बरोबर असतं, मजूर मन लावून पंप मारतो. चुकतो तो फक्त दिवस.

धान्याच्या मक्याला थोडं नुकसान सोसतं. चार पानं फाटली, शेंड्याकडचे दहा दाणे गेले, तरी उरलेला मका पोत्यात भरून विकता येतो. स्वीट कॉर्न विकलं जातं ते अख्खं कणीस म्हणून. व्यापारी दोन-चार कणसं सोलून पाहतो, टोकाशी अळी दिसली की सगळ्या मालाचा भाव पाडतो. त्यात हे पीक थांबतही नाही. पेरणीपासून साधारण ७५ ते ८५ दिवसांत ते संपतं. कणसाला केस फुटल्यापासून काढणीपर्यंत तर जेमतेम १८ ते २२ दिवस मिळतात. काढणी लांबली की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट होतं. म्हणजे नुकसान सोसायची ताकद कमी आणि दुरुस्तीला वेळही कमी. अशा पिकात अंदाजाने चालून भागत नाही.

आता मुख्य शत्रूकडे येते. अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा. ही मूळची अमेरिका खंडातली. २०१६ च्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोनेक वर्षांत आफ्रिकेचा मोठा भाग तिने व्यापला. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला मक्यावर दिसली, आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात पोचली. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

तिच्या मूळ मुलखातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. अमेरिकेत कडाक्याची थंडी तिला सोसत नाही. ती हिवाळा काढते फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला, आणि दरवर्षी नव्याने उत्तरेकडे उडत कॅनडापर्यंत जाते. त्यामुळे तिथल्या उत्तरेकडच्या शेतकऱ्याला ‘अजून ती आलेली नाही’ असं म्हणता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. खरिपाचा मका आहे, रब्बीचा आहे, उन्हाळी आहे, आणि त्यातही कुठे खंड पडलाच तर गोठ्यासाठी लावलेला मुरघासाचा मका आहेच. स्वीट कॉर्नवाला तर बाजारात माल सतत जावा म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी एक तुकडा पेरतो. एकाच शिवारात गुडघ्याएवढा मका, तुऱ्यावरचा मका आणि काढणीचा मका शेजारी-शेजारी उभा असतो. पतंगाला एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला एक रात्र पुरते. वारा अनुकूल असेल तर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडण्याची त्याची क्षमता आहे. म्हणून ‘विसाव्या दिवशी एक फवारणी, पस्तिसाव्या दिवशी दुसरी’ हे दुकानातून चिठ्ठीवर लिहून मिळणारं वेळापत्रक मला मान्य नाही. पेरणीची तारीख तुमच्या पिकाला लागू होते. अळीची पेरणी कोणत्या रात्री झाली, हे त्या चिठ्ठीला ठाऊक नसतं.

मादी पुंजक्यात अंडी घालते, एका पुंजक्यात साधारण शंभर ते दोनशे, आणि वरून स्वतःच्या अंगावरचे करडे केस पसरून ती झाकते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पहिल्या अवस्थेतली अळी दीड-पावणेदोन मिलिमीटरची, काळ्या डोक्याची. पुंजक्याभोवती सगळ्या मिळून पानाचा हिरवा भाग खरवडतात, पांढरा पापुद्रा तसाच ठेवतात. मग तोंडातून सोडलेल्या धाग्याला लटकत वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडांवर जातात. सहा अवस्थांमधून जाताना तीच अळी साडेतीन सेंटिमीटरच्या जवळ पोचते. अळीचा एकूण काळ दोन ते तीन आठवडे. मग ती जमिनीत काही सेंटिमीटर खोल जाऊन कोष करते, आणि आठ-दहा दिवसांत पतंग बाहेर येतो.

यातला एक आकडा घरी घेऊन जा. अळी आयुष्यभरात जेवढं खाते, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त ती शेवटच्या दोन अवस्थांत खाते. म्हणजे सुरुवातीचा आठवडाभर ती पिकात असते, पण रस्त्यावरून जाताना दिसत नाही. जेव्हा शेताकडे नुसती नजर टाकून ‘अरे, अळी पडली’ असं आपण म्हणतो, तेव्हा तिचं जेवण बहुतेक उरकत आलेलं असतं. आणि त्याच सुमाराला ती पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, खोल उतरलेली असते. वर तिची स्वतःची विष्ठा साचून ओल्या भुशासारखं बूच बसतं. त्या बुचावर कितीही महागडं औषध पडलं तरी खाली बसलेल्या अळीला त्याचा थेंब लागत नाही. पोंग्यात शिरण्याआधीचे काही दिवस, हीच तिला गाठण्याची पहिली आणि सगळ्यात मोलाची वेळ.

ती वेळ कळायची कशी? त्यासाठी पिकात चालावं लागतं. उगवणीनंतर आठवड्याभरात सुरुवात करायची आणि आठवड्यातून दोनदा चालायचं. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरायचं, डब्ल्यू आकारात फिरायचं, पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी सलग वीस झाडं पाहायची. शंभर झाडं झाली, म्हणजे टक्केवारीचं गणितही आपोआप झालं.

झाडात काय पाहायचं, हे मी जरा सावकाश सांगते, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. मक्याचं पान पोंग्यात गुंडाळलेलं असताना अळी ते कुरतडते. मग पान वाढतं, बाहेर येतं, उलगडतं, आणि त्यावर ओळीने आरपार भोकं दिसतात. ती भोकं आज पडलेली नसतात. पान जितकं खालचं आणि बाहेरचं, तितकं त्यावरचं नुकसान जुनं. त्या भोकांची मालकीण एव्हाना मोठी झालेली असते किंवा जमिनीत कोषात गेलेली असते. म्हणून खालची पानं सोडून द्या. पोंगा आणि त्याच्या लगतची तीन-चार कोवळी पानं एवढंच पाहा. पानावर नखाएवढे पांढरे पापुद्रे असतील तर अळी लहान आहे. पोंग्यात ओली, ताजी विष्ठा असेल तर ती आत आहे आणि मोठी होते आहे. विष्ठा वाळलेली आणि मधलं नवं पान स्वच्छ असेल तर त्या झाडावरचा कार्यक्रम संपला. असं झाड नुकसानीत मोजायचंच नाही. जुनी भोकं मोजून शंभरात चाळीस झाडं लागलेली म्हणणारा शेतकरी आणि ताजं नुकसान मोजून सहा म्हणणारा शेतकरी, दोघे एकाच शेतात उभे असू शकतात. पहिला त्या दिवशी पंप भरतो आणि औषध मातीत घालवतो.

मग किती झाल्यावर हालचाल करायची? केंद्र सरकारच्या पीक संरक्षण विभागाने या अळीसाठी पिकाचे तीन टप्पे पाडून दिले आहेत. रोपापासून सुरुवातीच्या पोंग्यापर्यंत शंभरात पाच झाडं लागलेली असतील, तर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा ॲझाडिरॅक्टिन. पोंगा भरात असताना नुकसान दहा ते वीस टक्क्यांवर गेलं आणि अळ्या अजून दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत असतील, तर शिफारशीतलं रासायनिक औषध, तेही आलटून-पालटून वेगळ्या गटातलं, आणि नोझल थेट पोंग्यावर धरून. तुरा आल्यानंतर रासायनिक फवारणी परवडत नाही, अळ्या हाताने वेचा, असं तिसऱ्या टप्प्याबद्दल म्हटलं आहे. धान्याच्या मक्याला हा सल्ला चपखल बसतो. स्वीट कॉर्नवाल्याला मात्र तिथे अडचण येते, कारण त्याचा पैसा तिसऱ्या टप्प्यातच तयार होतो. त्यावर माझं उत्तर एकच आहे. पहिल्या दोन टप्प्यांत इतकं नेटाने पाहा की तुऱ्यापर्यंत अळी थोडीच उरेल.

आणखी एक लहान संधी असते, तिच्याकडे फार कुणी पाहत नाही. तुरा वर सरकतो तसा पोंगा उघडतो, आणि आत लपलेली अळी उघड्यावर येते. तिथून ती झाडाच्या अंगाने खाली, कोवळ्या कणसाकडे निघते. त्या दोन-तीन दिवसांत शेतात फेरी मारा. अळ्या असतील तर त्या हाताला लागतात, औषधालाही लागतात. चार दिवसांनी त्या कणसाच्या आत असतील.

पावसाळ्यात चालताना आणखी एक दृश्य दिसेल. पानाला चिकटून मेलेल्या, ताठ झालेल्या अळ्या, अंगावर आधी पांढरी आणि मग हिरवट भुकटी. ती मेटारायझियम रिलेई ही बुरशी. जुन्या पुस्तकांत तिचं नाव नोमुरिया असं आहे. दमट हवेत ती फुकटात काम करते. अशा अळ्या बऱ्याच दिसू लागल्या तर त्या आठवड्यात फवारणी थांबवा आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजा. हे बोलायला सोपं असतं, शेजारच्या शेतात पंप चालू असताना हात आवरणं अवघड असतं, याची मला कल्पना आहे. मोजलेला आकडा कागदावर लिहिलेला असला की हात आवरायला बळ येतं.

आता कामगंध सापळे. एकरी पाच लावा म्हणतात, लोक लावतात, आणि मग तिकडे फिरकत नाहीत. सापळ्यात येतो तो फक्त नर पतंग. पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट डाग असलेला. त्यात दुसऱ्या जातींचे पतंगही चुकून येतात, म्हणून ओळखून मोजायला हवं. या अळीच्या बाबतीत सापळ्यातल्या संख्येवरून शेतात नुकसान किती होणार हे थेट काढता येत नाही. सापळ्याने अळी आटोक्यात येते, असंही समजू नका. सापळा एवढंच सांगतो की पतंग आलेत, आता चार दिवसांनी पानं तपासा. सापळ्यातलं गंधाचं ल्युर मुदतीत बदलावं लागतं, पिकाच्या उंचीप्रमाणे सापळा वर घ्यावा लागतो. मुदत संपलेल्या ल्युरचा रिकामा सापळा हा सगळ्यात घातक, कारण तो खोटा धीर देतो.

केस फुटले की दुसरं प्रकरण सुरू होतं. इथे लष्करी अळीच्या जोडीला घाटेअळी येते. तुम्हाला ती हरभऱ्यातून, तुरीतून, कापसातून माहीत आहे, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिची मादी कणसाच्या ताज्या, ओलसर केसांवर एकेक अंडं सुटं घालते. दोन-चार दिवसांत अळी निघते आणि केसांच्या वाटेने थेट कणसात उतरते. आत गेली की संपलं. बहुतेक वेळा एका कणसात एकच मोठी अळी सापडते, कारण त्या एकमेकींना खातात. पण विकायच्या कणसाला एक पुरेशी आहे.

या अळीची अमेरिकेतली बहीण हेलिकोव्हर्पा झिया. न्यू इंग्लंडमधले स्वीट कॉर्नवाले तिच्यासाठी ज्या शिस्तीने काम करतात, ती मला फार आवडते. तिथे केसांवर आलेल्या तुकड्याच्या कडेला सापळा उभा करतात आणि आठवड्याचे पतंग मोजतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्यावरून एक साधा तक्ता दिला आहे. आठवड्यात दीडपेक्षाही कमी पतंग, तर फवारणी नाही. साडेतीनपर्यंत आले तर दर सहा दिवसांनी. सातपर्यंत आले तर पाच दिवसांनी. सात ते ९१ मध्ये चार दिवसांनी, आणि ९१ च्या वर गेले तर तीन दिवसांनी. सलग दोन-तीन दिवस दिवसाचा पारा २७ अंशांच्या खालीच राहिला तर मधलं अंतर एका दिवसाने वाढवायचं. कारण उघड आहे. केस सुरुवातीला रोज दोन-तीन सेंटिमीटर वाढतात. सोमवारी मारलेलं औषध सोमवारी बाहेर असलेल्या केसांवर असतं, बुधवारी फुटलेल्या केसांवर काहीच नसतं. ऊन वाढलं की केस, अंडी, अळी, सगळ्यांचीच घाई होते, हवा गार असली की सगळंच मंदावतं.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. अळीची जात वेगळी, हवा वेगळी, आणि दर तीन दिवसांनी रासायनिक फवारणी करून वीस दिवसांत कणीस बाजारात पाठवणं मला कदापि पटत नाही. औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी थांबायचे दिवस छापलेले असतात. कणीस खाणाऱ्या पोराचा त्या दिवसांवर हक्क आहे. घ्यायची आहे ती त्यांची विचार करण्याची रीत. शून्य पतंग म्हणजे शून्य फवारणी, असं म्हणायचं धाडस त्या तक्त्यात आहे, आणि ते रोजच्या मोजण्यातून आलेलं आहे. असा तक्ता आपल्या घाटेअळीसाठी, आपल्या हवामानात, आपल्या कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांच्या रानात बसून तयार करावा, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करते.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातच रूथ हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंद्रिय शेतकऱ्यांसाठी एक पद्धत बसवली. केस फुटायला लागल्यावर साधारण पाचव्या दिवशी प्रत्येक कणसाच्या टोकाशी, केसांच्या मुळाशी, अर्धा मिलिलिटर वनस्पती तेल सोडायचं, हवं तर त्यात बीटी जिवाणू मिसळून. एकदाच. पण घाई केली तर परागीभवन नीट होत नाही आणि कणसाचं टोक दाण्यांविना राहतं. उशीर केला तर अळी आत गेलेली असते. मधले दोन-तीन दिवस तेवढे कामाचे. त्यांच्याकडे मजुरी महाग असूनही लहान शेतकऱ्यांनी हे केलं. आपल्याकडे अर्ध्या एकरावर कुणी करून पाहायला तयार असेल तर मला त्याच्याबरोबर काम करायला आवडेल.

केसांच्या टप्प्यात फवारणी टाळावी असं मी म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं आहे. त्या वेळी मका माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असतो. मजूर ओळीत शिरतो, नोझल वर धरतो, आणि औषध त्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर पडतं. दोन्ही बाजूंनी ओली पानं अंगाला घासत असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कापसात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. उंच पिकात मारलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी कुणाच्या तरी अंगावर पडते. तुऱ्यावर मधमाश्याही याच दिवसांत सकाळी परागासाठी येतात, त्यांचीही जाण ठेवा. अगदीच मारावं लागलं तर संध्याकाळी मारा.

महाराष्ट्राला कीड मोजण्याची ओळख नाही असं नाही. २००८ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीनवर स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे या लष्करी अळीचीच भाऊबंद, तुटून पडली. त्या धक्क्यातून २००९-१० मध्ये क्रॉपसॅप हा प्रकल्प उभा राहिला. ठरलेल्या शेतांत सर्वेक्षक ठरलेल्या दिवशी जाणार, मोजणार, आकडे संगणकात भरणार, आणि त्यावरून सल्ला निघणार. इतक्या मोठ्या राज्यात हे बसवणं ही मोठी गोष्ट होती, आणि त्याचं श्रेय त्यात राबणाऱ्यांना मिळालंच पाहिजे. पण तालुक्याचा आठवड्याचा सल्ला तुमच्या तुकड्यातलं अंडं पाहू शकत नाही. अंडं तीन दिवसांत फुटतं. तीन दिवसांच्या आत जो झाडाजवळ असतो, त्यानेच ते पाहायला हवं.

आणि झाडाजवळ कोण असतं? खुरपणीला आलेल्या बायका. कोवळ्या मक्याच्या प्रत्येक ओळीत, प्रत्येक झाडाशेजारी त्या बसून पुढे सरकतात. पानाची खालची बाजू त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. एका शेतात मी एका बाईंना अंडीपुंज दाखवला, करड्या केसांखालची फिकट अंडी भिंगातून पाहायला दिली. पुढच्या ओळीत त्यांनी स्वतःहून दुसरा शोधला, अंगठा आणि बोटात पान धरून चिरडला, आणि हाताला लागलेले केस पदराला पुसून खुरपं पुन्हा उचललं. दीडशे अळ्या गेल्या. औषध नाही, पंप नाही. पण त्या बाईंना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण कीड व्यवस्थापनाची आपली शिबिरं सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी भरतात. ज्यांचे हात आणि डोळे दिवसभर पिकात असतात त्या शिबिराच्या दिवशीही खुरपतच असतात. याचा मला मनापासून राग येतो. खुरपणीच्या दिवशी पहिला एक तास फक्त पाहण्यासाठी द्या आणि त्या तासाची मजुरी द्या. एका वाचलेल्या फवारणीत असे बरेच तास बसतात.

म्हणून इथल्या स्वीट कॉर्न उत्पादकांपुढे एक प्रस्ताव ठेवते. गावातल्या सगळ्या तुकड्यांचा मिळून एक फलक करा, ग्रामपंचायतीबाहेर किंवा दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर, जिथे सकाळ-संध्याकाळ सगळे येतात. त्यावर तुकडा, पेरणीची तारीख, सापळ्यातले पतंग, आणि शंभर झाडांतलं ताजं नुकसान, एवढे चारच रकाने. मोठ्या मक्यातल्या सापळ्यात पतंग वाढले की लहान मक्यावाल्याला दुसऱ्या दिवशी कळेल. बियाणं प्रक्रिया केलेलं असेल तर तेही लिहा. त्या तुकड्याला पहिले दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी संरक्षण असतं, तिथे लगेच पंप नको. मोजायला प्रत्येक वाडीतल्या दोन बायका ठरवा, त्यांना मानधन द्या, आणि फलकावर मोजणारीचं नाव घाला. येत्या खरिपात पहिल्या फेऱ्यांना मी आणि माझे विद्यार्थी त्यांच्याबरोबर ओळी चालायला येऊ. सापळे मात्र पेरणीच्या आठवड्यातच उभे राहिले पाहिजेत, आणि ल्युर बदलायची तारीख त्याच दिवशी फलकाच्या कोपऱ्यात लिहिली पाहिजे. उगवण झाल्यावर बघू म्हणाल, तर पहिले पतंग मोजायचे राहून जातील.